बाजेवरचा लॅपटॉप

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी उभं आयुष्य क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढलं. तिथं 'शंभर टक्के क्षमता' हे शब्द मी फक्त भिंतीवरच्या फलकावर वाचले. प्रत्यक्ष शंभर टक्के क्षमतेनं काम करणारं कोणीतरी मी निवृत्तीनंतर, माझ्याच घरात, जेवणाच्या टेबलावर पाहिलं. ते म्हणजे माझ्या लेकीचा, गोदाचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप. आणि ते पाहून मला कळलं की आमच्या कारखान्यानं त्या फलकाच्या नादी न लागून फार शहाणपणा केला होता.

सुरुवात आप्पांनी केली. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म अजिंठ्याकडच्या खेड्यात, निम्मं आयुष्य मेंढरामागं, आता आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत. एका दुपारी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "पुंडलिका, तुझ्या लग्नाचा पिच्चर काढला व्हता नं? त्याच्यात कस्तुरा दिसती का रं?"

कस्तुराबाई म्हणजे माझी आई. तिला जाऊन काही वर्षं झाली. फोटो काढायचा म्हटलं की ती गोठ्यात जाऊन बसायची. तिचा एकुलता एक फोटो आधार कार्डावरचा, आणि त्यात ती नुकतीच कुठल्यातरी गुन्ह्यात सापडल्यासारखी दिसते. हलतीचालती आई उरली होती ती फक्त माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. लग्न चौऱ्याण्णव सालचं, विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीचं. कॅसेट इतकी झिजली होती की धुक्यात काही माणसं हरवली आहेत आणि बँडवाले त्यांना शोधत फिरताहेत, असं ते लग्न दिसायचं. नवरदेवही ओळखू येत नव्हता. मंजुळा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तेवढंच बरं आहे." मी तिकडं दुर्लक्ष करत असे.

गोदा पुण्याहून दोन दिवस आली. उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानातून कॅसेट पेन ड्राइव्हवर करून आणली आणि आपल्या जुन्या लॅपटॉपवर कसलासा प्रोग्राम चढवला.

"बाबा, हा प्रोग्राम एकेक चित्र घेतो, घासूनपुसून स्वच्छ करतो आणि परत जागेवर ठेवतो. अशी लाखो चित्रं आहेत. आठवडाभर लागेल."

"रोज थोडं थोडं करू."

"थोडं थोडं नाही. रात्रंदिवस, न थांबता. मध्येच बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसर पूर्ण ताकदीवर चालणार, म्हणजे तो तापणार. त्याला खालून हवा लागू द्या. मागच्या जाळीतून गरम वारा निघतो, ती झाकू नका. बॅटरी काढू नका. आणि बाबा, कोणाचंही ऐकू नका."

पहिल्या अटी सोप्या होत्या. शेवटची अट आमच्या सोसायटीत आजवर कोणाला पाळता आलेली नाही.

गोदा गेली. लॅपटॉप घरघरू लागला. आधी मांजरासारखा, मग मिक्सरसारखा, आणि दुपारी बाहेरचं ऊन चढल्यावर धावपट्टीवरच्या विमानासारखा. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा ताप दाखवणारा आकडा होता. तो नव्वदीच्या पुढं गेला.

"नव्वद म्हंजे लई नाय," आप्पा म्हणाले. "मला मागं एकशे तीन व्हता."

"आप्पा, हे माप वेगळं. शंभरावर पाणी उकळतं ते हे माप."

आप्पांनी लॅपटॉपकडं पाहिलं. मग खुर्ची ओढून ते त्याच्या उशाशी बसले आणि मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धापा टाकून ऱ्हायलंय बिचारं," ते म्हणाले. तेव्हापासून काठी मांडीवर आडवी घेऊन त्यांनी तिथून उठायचं नाव घेतलं नाही.

पहिला घात मंजुळेनं केला, आणि तोही मायेपोटी. आमच्या घरात उघडी वस्तू ठेवत नाहीत. टीव्हीला विणलेला रुमाल आहे, मिक्सरला झालर आहे, गॅस सिलिंडरला तर घेरदार फ्रॉक आहे. संध्याकाळी वावटळ सुटली, धूळ उडाली, आणि मंजुळेनं लॅपटॉपच्या पाठीवर मोरांची नक्षी असलेला क्रोशाचा रुमाल टाकला. जाळीच्या तोंडावर मोर बसले. थोड्या वेळानं घरात एकदम शांतता पसरली. इतकी की शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येऊ लागलं. लॅपटॉप ताप सहन न होऊन स्वतःहून विझला होता.

पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा घात काकासाहेबांनी केला. काकासाहेब समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते एका कारखान्यात विजेच्या खात्याचे सुपरवायझर होते आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या सगळ्यांच्या घरांचे आहेत. त्यांनी लॅपटॉपभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"पुंडलिकराव, वायर सतत लावलेली आणि आत बॅटरी? फुगेल. फुटेल. मला विचारायचं तरी आधी!"

"गोदा म्हणाली, काढू नको."

"गोदाचा पगार जास्त आहे, अनुभव माझा जास्त आहे."

त्यांनी बॅटरी काढून माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे एकदा डोळा मारल्यासारखे मिटले आणि उघडले. घरातल्या कुठल्याच वस्तूला काही झालं नाही. लॅपटॉप मात्र गेला, कारण त्या पापणीएवढ्या वेळात त्याला सावरणारी बॅटरी माझ्या कपाटात होती.

"मी म्हणालो होतो, तुमचं अर्थिंग तपासून घ्या," काकासाहेब म्हणाले. ते असं काहीही म्हणाले नव्हते.

गोदानं फोनवर माझी जी झडती घेतली ती मी इथं देत नाही. बापाला काही मान असतो. पण शेवटी तिनं प्रोसेसरला थोडा लगाम घालायला शिकवलं. शंभरऐवजी ऐंशी टक्क्यांवर चालवा, वेळ थोडा जास्त लागेल, पण ताप बराच उतरेल. चार्जिंगही पूर्ण न भरता मध्येच थांबवायची सोय होती, म्हणजे बॅटरी आत ठेवूनही ती फुगायची भीती कमी. काकासाहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "हेच मी सांगत होतो."

मी पुन्हा नव्यानं सुरुवात केली ती पूर्ण तयारीनिशी. कूलर आणला आणि लॅपटॉपच्या तोंडासमोर लावला. कूलरला पाणी लागतं, आणि आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवडा उलटून. मंजुळेनं विचारलं, "अंघोळ कोणी करायची ते ठरवा. तुम्ही का तो?" मी लॅपटॉपच्या बाजूनं निर्णय दिला. पण पडद्यावर दव धरलेलं दिसलं, आणि गोदा फोनवर किंचाळली, "बाबा, ओलावा आत गेला तर कायमचा जाईल तो!" कूलर माघारी गेला. हे ऐकून आप्पांनी हळूच आपल्या हातातलं ओलं पोतं खुर्चीमागं लपवलं. माझी पाठ वळायचा अवकाश, ते लॅपटॉपवर पडणार होतं.

शेवटी मार्ग सुचला तो उन्हाळी कामांमुळं. मंजुळेच्या कुरडया गच्चीवर सुंभाच्या बाजेवर वाळत होत्या. बाज म्हणजे खालून वर सगळी भोकंच भोकं. हवेला आडकाठी नाही. खाली टेबलफॅन ठेवला की झालं! मी बाज मागितली. मंजुळा म्हणाली, "कुरडया उतरल्यावर." मी म्हणालो, आईचा प्रश्न आहे. ती म्हणाली, वर्षाच्या कुरडयांचा प्रश्न आहे. दीर्घ वाटाघाटींनंतर तह झाला: बाज खाली हॉलमध्ये येईल, उशाकडं लॅपटॉप, पायथ्याशी कुरडया. आणि काय सांगू, ताप सत्तरीवर उतरला! वर लॅपटॉपच्या जाळीतून निघणाऱ्या गरम वाऱ्यानं कुरडया इतक्या खडखडीत वाळल्या की शेजारच्या बायका आपले सांडगे घेऊन आल्या. माझ्या हॉलमध्ये आता रांग लागू लागली.

रांग लागली की अफवा येते. सोसायटीचे सेक्रेटरी सर्जेराव एका सकाळी चप्पल न काढता दारात उभे राहिले. म्हणजे काम सरकारी होतं.

"पुंडलिकराव, रात्रंदिवस मशीन चालतंय म्हणे. रहिवासी जागेत उद्योग चालत नाही. कारखाना काढायचा तर तिकडं शेंद्र्याला जागा बघा."

"अहो, साधा लॅपटॉप आहे."

त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्यापासून काय लपवता? बिटकॉइन काढताय ना? किती निघाले?"

"मी आई काढतोय," मी म्हणालो.

सर्जेरावांनी दारातूनच आत डोकावलं. मग चप्पल काढून आत आले. मी त्यांना पडद्यावर तयार होत असलेली चित्रं दाखवली. धुकं विरत होतं. त्यातून एक सनईवाला बाहेर आला, त्याच्या मिशीचे केस मोजता आले असते. सर्जेराव बाजेच्या कडेवर बसले आणि नकळत एक कुरडई मोडून खात म्हणाले, "परवानगी नाही. पण हरकतही नाही."

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मोबाइलवर संदेश आला: मान्सूनपूर्व देखभालीसाठी शुक्रवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीजपुरवठा बंद राहील. लॅपटॉप काम पुरं करणार होता तो शुक्रवारी दुपारी.

मी अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. खिडकीमागं मगरेसाहेब नावाचे गृहस्थ होते, पन्नाशी ओलांडलेले, पांढरे केस नीट भांग पाडलेले. त्यांनी अर्ज वाचला आणि एकदम गंभीर झाले.

"घरात कोणी मशीनवर आहे का?"

"आहे. आई."

"अरेरे. ऑक्सिजनवर?"

"लॅपटॉपवर."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून माझ्याकडं पाहिलं. मी सगळी हकिकत सांगितली. ती संपल्यावर ते म्हणाले, "मीटर तुमच्या नावावर नाही. जुन्या मालकाच्या नावावर आहे. म्हणजे हा अर्ज तुम्हाला करताच येत नाही. आधी मीटरचं नामांतर करून घ्या."

"किती वेळ लागेल?"

"नामांतराला वेळ लागतोच." ते हसले. "विद्यापीठाच्या नामांतराला सोळा वर्षं लागली. बापाच्या खांद्यावर बसून मोर्चाला गेलो होतो, झालं तेव्हा मला मिशा फुटलेल्या. लाठ्या बघितल्या, घरं जळालेली बघितली. पण झालं. त्या जानेवारीत आमच्या गल्लीत आईनं परातभर साखर वाटली." मग अर्जात लिहिलेलं लग्नाचं साल त्यांनी पुन्हा वाचलं. "तुमची कॅसेट त्याच सालची? आमच्याकडं त्या दिवसाचा फोटोसुद्धा नाही. तुमची पुरी करा राव." त्यांनी अर्ज मला परत दिला. "पण लाईन बंद राहणार. खांबावर माझा माणूस चढलेला असतो. तुमची आई लॅपटॉपात आहे, त्याची घरी वाट बघते. जनरेटर बघा."

मी हात जोडले आणि बाहेर आलो.

सर्जेरावांचा इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर पंखासुद्धा लाजत फिरतो. तेव्हा तळमजल्यावरचा कडूबा पुढं आला. कडूबा मंडपाचं आणि जनरेटरचं काम करतो. "शुक्रवारी माझा जनरेटर पलीकडच्या मंगल कार्यालयात हाय. लग्न हाय तिथं. घेऊन या कंप्युटर. टेन्शन नक्को." कार्यालय दोन गल्ल्या पलीकडं. बॅटरी जुनी, पूर्ण भरली तरी या भारावर जेमतेम तेवढंच अंतर टिकेल.

"हातात धरून पळत जातो," मी म्हणालो.

"हातात धरलं की खालची हवा बंद," काकासाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बरोबर होते, आणि त्यांना ते कळलंही.

"बाजेवरच न्या त्याला," आप्पा म्हणाले. "पडलेलं जनावर असंच नेतेत."

शुक्रवारी वीज गेली आणि आम्ही निघालो. पुढं आप्पा, हातात काठी. मागं बाज: पुढच्या दोन पायांना मी आणि सर्जेराव, मागच्या दोनांना काकासाहेब आणि कडूबा. बाजेवर उघडा लॅपटॉप, सुतळीनं बांधलेला. ऊन लागू नये म्हणून मंजुळा त्याच्यावर छत्री धरून चालत होती, आणि उन्हानं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कुरडया उतरवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यावर पांढरा पंचा झाकलेला होता.

हे दृश्य लांबून कसं दिसत असेल, हे मला वळणावर कळलं. रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. एका दुकानदारानं अर्धं शटर ओढलं. एक अनोळखी गृहस्थ पायातली चप्पल काढून सर्जेरावांच्या खांद्याला खांदा लावून आले आणि बाजेला हात देत हळूच म्हणाले, "कधी झालं?"

"अजून व्हायचंय," सर्जेराव म्हणाले. "नव्व्याण्णव टक्के झालंय."

गृहस्थ तिथंच थांबले.

"बॅटरी उतरतेय!" मंजुळा ओरडली. आम्ही पळू लागलो. पळत जाणारी ती यात्रा पाहून रस्त्यावरच्या लोकांना काय वाटलं, याचा मी आजही विचार करत नाही.

मंगल कार्यालयाच्या दारात नुकतीच मंगलाष्टकं संपली होती. तांदूळ हवेत होते आणि आमची बाज दारात. मुलीचे वडील दोन्ही हात पसरून आडवे आले. "अहो! लग्नाच्या मांडवात हे काय आणता! कोण गेलं?"

"कोण नाय गेलं, काका," कडूबा धापा टाकत म्हणाला. "कंप्युटर हाय. चार्जिंगला आणलाय."

ते गृहस्थ छत्रीखाली वाकले, पाहिलं, पंचा उचलून कुरडया पाहिल्या, आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी घाम आलेल्या मला तसंच मिठीत घेतलं. "मग आत या ना! दारात काय उभे?"

कडूबानं वायर लावली तेव्हा बॅटरीत शेवटचा श्वास उरला होता. लॅपटॉप पुन्हा घरघरला. बाज स्टेजच्या शेजारी ठेवली, तिथं मोठा पडदा होता. आहेर चालू असताना निम्मे पाहुणे आमच्याच भोवती जमले. बाजेवर काय आहे, हे प्रत्येकाला मंजुळेनं एकदा आणि काकासाहेबांनी दोनदा सांगितलं. आहेर संपता संपता घरघर हळू झाली, थांबली, आणि पडद्यावर आलं: काम पूर्ण.

मला वाटलं, आता गुपचूप घरी जावं. पण मुलीचे वडील ऐकेनात. "आज लग्न, त्यात लग्न! लावा पडद्यावर." पडदेवाल्यानं वायर जोडली.

आणि सगळ्या मांडवासमोर चौऱ्याण्णव साल उभं राहिलं. नामांतराच्या बंदोबस्ताला आलेला हवालदार दंडुका काखेत धरून पत्रावळीवर जेवत होता. मंजुळा केवढी सुंदर होती! मीही होतो, मुंडावळ्यांआडून मी ढगाकडं पाहणाऱ्या करडासारखा दिसत होतो, आणि पाहुण्यांतल्या पोरी खुदखुदल्या. मग गर्दीतून हिरव्या लुगड्यातली एक बाई हातात लाडवाचं ताट घेऊन आली. कॅमेरा दिसताच ती थबकली. पळेल असं वाटलं. पण ती पुढं आली, आणखी पुढं, चेहऱ्यानं पडदा भरेपर्यंत. कपाळावरचं गोंदण, नाकातली मोरणी, दाताची फट. ती काहीतरी बोलली. आवाज बँडमध्ये बुडालेला.

आप्पा खुर्चीतून उठले होते.

"आप्पा, आई काय म्हणते?"

"'जेवलास का रं?' म्हणती," आप्पा म्हणाले. "त्या पिच्चर काढणाऱ्याला. सकाळपासून उपाशी व्हतं ते पोरगं."

कॅमेऱ्याकडून उत्तर आलं नसावं, कारण आईनं ताटातला एक लाडू उचलला आणि सरळ भिंगावर नेला. सगळा पडदा बुंदीनं भरला, एकेक कळी वेगळी दिसेल इतका स्वच्छ. मांडव खदखदून हसला. नवरी हसली, भटजी हसले. आप्पा तर डोळे पुसत हसत होते. ते पडद्याला मोठ्यानं म्हणाले, "जेवतो गं, जेवतो!"

मग मुलीच्या वडिलांनी आम्हाला सोडलंच नाही. पंगतीत आप्पांना पहिलं पान दिलं. वाढपी बुंदीचं भांडं घेऊन आला. "आजोबा, किती वाढू?"

आप्पांनी ताट पुढं केलं. "वाढ. दोघांची वाढ."

आणि खरोखरच त्यांनी दोघांची खाल्ली.